सगळे गोड बोलू लागले तेव्हा

नागपूरहून माझ्या तपासण्यांचे निकाल आले, सगळे नॉर्मल आहे असे मला सांगण्यात आले, आणि त्या दिवसापासून माझी झोप उडाली. वाचणाऱ्याला हे उलटे वाटेल. वाईट बातमीने झोप उडते, चांगल्या बातमीने कुणाची उडते? पण माझी उडाली. सत्तरचे दशक संपत आले होते आणि आम्ही जवाहरनगरला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. हे, मी, आमच्या दोन मुली आणि सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणायची. पावसाळ्याच्या सुरुवातीपासून माझ्या डाव्या स्तनात दुखत होते. हा शब्द आज लिहितानाही हात जरा अडखळतो, त्या काळी तर तो तोंडावाटे निघणे शक्यच नव्हते. आतल्या आत कुणी चिमटा धरून ठेवावा तसे ते दुखणे होते. कधी कळ काखेपर्यंत जाई, कधी आठवडाभर काहीच नसे आणि मग पोळ्या लाटताना अचानक परत येई. हाताला गाठ लागत नव्हती. तरी मी रोज आंघोळीच्या वेळी ती शोधायची, आणि सापडली नाही की आपल्यालाच नीट शोधता आली नाही असे मानायची.

याला कारण माझी थोरली बहीण. ताई याच दुखण्याने गेली होती, माझ्या आजाराच्या काही वर्षे आधी. आमच्याकडे मोठ्या आजाराची रीत ठरलेली असे. डॉक्टर पुरुषमाणसाला आत बोलावणार, पुरुषमाणूस खाली मान घालून ऐकणार, आणि बाहेर येताना चेहऱ्यावर हसू चढवून येणार. ताईला भाऊजींनी सांगितले, "काही नाही, थंडी धरली छातीत." पुढच्या वेळी सांगितले की जड घागर उचलल्याने शीर दबली आहे. त्याच्या पुढच्या वेळी गॅस. मग तिच्यासाठी नवे लुगडे आले, तिला आवडतात म्हणून भंडाऱ्याहून पेढे आले, विहिरीचे पाणी भरणे बंद झाले, आणि ताई मला म्हणाली होती, "माह्यं सगळे किती करून राहिले पाय! लग्नात नाही केलं एवढं." ती खरोखर सुखी होती तेव्हा. मलाही तेव्हा काही ठाऊक नव्हते. ती गेल्यावर मी बाबांना विचारले, तिला का नाही सांगितले, तर ते इतकेच म्हणाले, "आजाऱ्याले सांगत नसतेत, बाई." यात कुणाचे मन काळे नव्हते. सगळ्यांनी मायेनेच केले. पण त्या मायेची मला पुढे फार भीती बसली.

आता माझ्या वेळी नागपूरला काय झाले ते ऐका. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला हाताने तपासले, फोटो काढले, रक्त घेतले, सुई टोचून नमुना घेतला. निकालाच्या दिवशी ह्यांनी मला बाकावर बसवले आणि म्हणाले, "तू बस, मी येतो विचारून." आत गेले, आणि बाहेर आले ते हसत. "सगळं नॉर्मल आहे," म्हणाले. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. हे हसू मी आधी पाहिले होते. फक्त तेव्हा ते भाऊजींच्या तोंडावर होते.

घरी आल्यावर एकेक पुरावा गोळा होऊ लागला. भोंगा व्हायच्या आधी उठून हे नळाचे पाणी भरून ठेवू लागले. लग्न झाल्यापासून ज्यांनी कधी भाजी आणली नव्हती ते कारखान्याच्या बसमधून उतरताना हातात सीताफळे घेऊन उतरू लागले. ह्यांचे एक वेळ सोडा, पण आत्याबाई! माझ्या आत्याबाई म्हणजे भाताच्या शिताला शीत चिकटले तरी अर्धा तास बोलणाऱ्या. धानाच्या घरात वाढलेल्या, भात कसा झाला पाहिजे यावर त्यांचा शब्द शेवटचा. त्या गिचका भात खाऊन म्हणू लागल्या, "चांगला झाला वो, मऊ झाला." शेजारणी हळू आवाजात बोलू लागल्या. मुलींना कुणी दटावले की मला कळू नये म्हणून दुसऱ्या खोलीत नेऊन दटावत. कुणी माझ्यावर रागावेना, कुणी माझी चूक काढेना. घरात बाईला कुणीच बोलत नाही म्हणजे काय, ते मी ताईच्या घरी पाहून चुकले होते.

शेवटी मी एकदा परीक्षाच घेतली. वरणात मीठ घातले, मग पुन्हा घातले, आणि वर आणखी एक चिमूट टाकली. ते वरण माणसाने खाण्यासारखे राहिले नव्हते. पान वाढून मी दाराशी उभी राहिले. ह्यांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले, आणि भात जास्त कालवून गुमान जेवत राहिले. आत्याबाई एक पेला पाणी प्यायल्या, दुसरा प्यायल्या, आणि म्हणाल्या, "मुलींले वाढ." मुली तोंड वेडेवाकडे करू लागल्या तर त्यांनी त्यांना डोळे दाखवले. मी स्वयंपाकघरात जाऊन चुलीपाशी बसले आणि माझे दिवस भरले हे मनाशी पक्के केले.

देव्हाऱ्यात आमच्या माहेरच्या मातामायचा टाक होता. लग्नात आईने दिलेला. मी तिच्याशी भांडले, हे सांगायला मला लाज नाही. तू तरी खरे सांग म्हणून तिला कौल लावला. टाकाच्या दोन खांद्यांवर दोन झेंडूच्या पाकळ्या ओल्या करून चिकटवल्या. उजवी पडली तर बरी होणार, डावी पडली तर नाही. दोन्ही पाकळ्या वाळून कागद झाल्या, पण एकही पडली नाही. मला वाटले, देवीसुद्धा घरच्यांना सामील झाली. एरवी देवाला बोल लावणारी मी नव्हते. पण त्या दिवसांत दिवा लावताना माझ्या मनात भक्ती कमी आणि चौकशी जास्त असे.

आश्विनातल्या नवरात्राला मी मुलींना घेऊन आसगावला माहेरी गेले. आमच्या आजोबांच्या नवसापासून घरात जवारा पेरला जातो. मातीच्या घटात गहू टाकायचे, अंधाऱ्या खोलीत नऊ दिवस पाणी आणि दिवा द्यायचा, कोवळे पिवळे कोंब तरारून वर येतात. शेवटल्या दिवशी घरच्या आणि गावच्या बायका ते घट डोक्यावर घेऊन गाणी म्हणत तलावावर जातात आणि पाण्यात सोडतात. एकदा घट डोक्यावर चढला की पाण्यापर्यंत तो जमिनीला टेकवायचा नाही, हा नियम. घरच्या लेकीचा पहिला मान. लग्नानंतर जितक्या नवरात्रांना मी माहेरी आले तितक्या वेळा मी घट घेतला होता. त्या वर्षी मी न्हाऊन, केस मोकळे सोडून तयार झाले, तर वहिनी माझा हात धरून म्हणाली, "तुमी नका घेऊ, बाई. आराम करा. यंदा शेजारची घेऊन राहिली तुमचा." दादाने दुसरीकडे तोंड फिरवले. झाले, माहेरीसुद्धा निरोप पोचला होता. घटांची रांग निघाली तेव्हा रिकाम्या हाताने शेवटी चालत राहिले, आणि दोन्ही बाजूंच्या बांधींतले, म्हणजे खाचरांतले, निसवलेले धान पाहत मनात म्हणत होते की याचा नवा भात आपण खाणार की नाही कोण जाणे.

गावाच्या बाहेर पडलो आणि माझा घट घेतलेली शेजारीण डगमगली. नऊ दिवसांचा उपास आणि वर ऊन. तिला घेरी आली. पुढे गाणे सांगणारी एक म्हातारी होती, तिने झेप घेऊन घट वरच्या वर धरला. ही म्हातारी आमच्या गावची नव्हती. कारध्याची, लेकीकडे नवरात्राला आलेली, एवढेच मला ठाऊक होते. काळी, काटक, आवाज असा की तलावाच्या पलीकडल्या काठावरच्या पारेवर ऐकू जावा. तिने घट दोन्ही हातांवर तोलून मागे नजर फिरवली. सगळ्यांची डोकी भरलेली होती. मी तेवढी मोकळी.

"काय वो रिकाम्या हाताची!" ती ओरडली. "पाहुणीवानी काहून उभी हायेस? इकडं आन डोस्कं!"

"माय, मी आजारी आहो," मी म्हणाले.

"आजारी हायेस तं एवढ्या दूर चालत कशी आलीस?"

वहिनी पुढून ओरडली, "तिले नका देऊ, तिले नका देऊ!"

"काहून? मान नाही का तिले?" असे म्हणून म्हातारीने माझ्या डोक्यावर चुंबळ ठेवली, आणि तिच्यावर घट ठेवला.

मी चालू लागले. घट धरायला डावा हात वर गेला आणि कळ उठली. दुखणे तिथल्या तिथे पळाले असे काही घडले नाही, ते मी सांगणारही नाही. प्रत्येक पावलाला दुखत होते. आणि म्हातारी माझ्या बाजूने चालत माझा उद्धार करत होती. "सरळ पाय! माती सांडून राहिली. तुह्या घरची पाटी होय का ते? देवी हाये वरती!" जरा पुढे गेले तर, "गोगलगाय झाली का? मागच्यायले वाट दे!" मग मला गाणे येत नाही म्हणून बोलली, पदर नीट खोचला नाही म्हणून बोलली. आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. किती महिन्यांत मला कुणी असे बोलले नव्हते! मरणाऱ्या बाईला कुणी पदरावरून बोलत नाही. त्या परक्या म्हातारीच्या तोंडून मला माझे जगणे परत मिळत होते, आणि डोक्यावर घट असल्यामुळे मला डोळेही पुसता येत नव्हते. तशीच रडत, सगळी माया अंगावर घेत मी तलावापर्यंत गेले. पाण्यात उतरून घट सोडला तेव्हा हिरवे-पिवळे कोंब लाटेवर हलले आणि मी मातामायला मनापासून हात जोडले. त्या हात जोडण्यात मागणे काहीच नव्हते.

विसर्जन झाल्यावर बायका तलावाच्या पारेवर बसून जवाऱ्याचे कोंब एकमेकींच्या केसांत खोवत होत्या. म्हातारी माझ्याजवळ येऊन टेकली. "आता सांग, रडून काहून राहिली होतीस?" मी सांगितले. ताईचे, माझे, पाकळ्यांचे, मिठाचे, सगळे सांगितले. नवऱ्यालाही जे सांगितले नव्हते ते एका अनोळखी बाईला भर दुपारी सांगून टाकले. तिने मला हात लावून पाहिले नाही, झाडपाला सांगितला नाही, तुला काही होणार नाही असेही म्हणाली नाही. शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि विचारले, "डाक्टरले तू इचारलं का?"

"ह्यांनी विचारलं."

"तू इचारलं का?"

"नाही."

"मंग कोनावर रुसून हायेस वो?" ती म्हणाली. "देवीले इचारतेस, फुलाले इचारतेस, मिठाले इचारतेस. ज्याले ठावं हाये त्याले तेवढं इचारलं नाही."

"मला भेव वाटते, माय."

"भेव तं वाटनच. भेव संग घेऊन जाय. ते काही वेगळं तिकीट नाही मागत." आणि माझ्या केसांत कोंब खोवून ती उठली, कारण तिची लेक तिला हाका मारत होती.

जवाहरनगरला परतल्यावर मी ह्यांना म्हटले, "मी नागपूरला जाऊन येते. एकटी." त्यांचा चेहरा उतरला. पूर्वीची मी असते तर हाही पुरावा धरला असता. पण मी गेले. आयुष्यात पहिल्यांदा एकटी गाडीत बसले, नागपूरला उतरल्यावर रस्ता चुकले, दोनदा विचारले आणि पोचले. डॉक्टरीणबाईंच्या समोरच्या खुर्चीवर बसले, बाकावर नाही. म्हटले, "बाई, मला खरं सांगा. माझ्या बहिणीला कुणी सांगितलं नव्हतं."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. मग उठून दार लावले, मला पुन्हा तपासले, आणि सगळे कागद माझ्या बाजूला फिरवून एकेक समजावून सांगितले. बाहेर बाकांवर किती गर्दी होती ते मी येताना पाहिले होते, पण त्यांनी घाई केली नाही. "गाठ नाही," त्या म्हणाल्या. "ज्या आजाराची तुम्हाला भीती आहे तो कुठल्याच तपासणीत दिसला नाही. तुमच्या यजमानांनाही मी हेच सांगितलं, अगदी याच शब्दांत. तुम्हाला दोघांनाही बोलावलं होतं. ते एकटेच आले."

"मग दुखतं कशानं?"

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "दुखणं खरं आहे, तुमच्या मनाचा खेळ नाही. काही बायकांना असं दुखतं आणि कारण सापडत नाही. पुष्कळांचं आपोआप कमी होतं. तुमच्या बहिणीला तो आजार होता, म्हणून दर काही महिन्यांनी येऊन दाखवत जा. मध्ये काही वेगळं दिसलं, हाताला लागलं, तर वाट न पाहता या."

माझा विश्वास बसला तो त्या "माहीत नाही"वर. ताईला कधी कुणी माहीत नाही असे म्हटले नव्हते. थंडी, घागर, गॅस, तिच्यासाठी कारण नेहमी तयार असे. लपवणाऱ्याला कारण द्यावेच लागते. या एवढ्या शिकलेल्या बाई, खुर्चीवर बसून, माझ्यासारखीला सरळ सांगत होत्या की मला कळत नाही. त्यांच्याविषयी माझ्या मनात जो आदर तेव्हा उभा राहिला तो आजही तसाच आहे. मी त्यांच्या पायाशी वाकले. त्या "अहो, हे काय" म्हणून मागे सरकल्या.

घरी आले तर हे कामावर गेलेच नव्हते. ओसरीवर बसून होते. मी डॉक्टरीणबाईंचे शब्द जसेच्या तसे सांगितले, आणि हे दोन्ही हातांत तोंड घालून रडू लागले. मग हळूहळू सगळे उलगडले. पहिल्या दिवशी त्यांनी खरोखर निकालावर विश्वास ठेवला होता. पण घरी आल्यापासून मी गप्प झाले, एकटीच देव्हाऱ्यापुढे बसू लागले, वरण असे करू लागले की माणूस शुद्धीवर नसावा. त्यांना वाटले, हिला आत काहीतरी फार होते आहे आणि ही आमच्यापासून लपवते आहे. शेजारी आणि माहेरीही त्यांनीच सांगून ठेवले होते, हिला जपा म्हणून. आत्याबाई आतून आल्या आणि म्हणाल्या, "मले वाटलं पोरगी खचली. म्हणून तं तसलं वरण गिळलं मी! दिवसभर पाणी पेऊन राहिली होती." आणि मग जे साचले होते ते सगळे त्यांनी त्या संध्याकाळी बोलून घेतले. भातापासून सुरुवात केली. मी ऐकत बसले. असे सुख मला क्वचितच मिळाले असेल.

पुढल्या वर्षी मी खास कारध्याला गेले. नदीकाठच्या वस्तीत विचारत विचारत ती म्हातारी सापडली. अंगणात सुपाने तांदूळ पाखडत होती. मी पाया पडले, म्हटले, माय, तुम्ही माझ्यावर फार उपकार केले. तिने मला वरून खाली पाहिले. "तू कोनती वो?" मी आसगावचा जवारा सांगितला, तलाव सांगितला, मीठ सांगितले. तिला काही आठवेना. "बाप्पा! रोज कितीकांले बोलतो मी. कोन कोन ध्यानात ठेवू?" म्हणाली आणि मला तांदळातले खडे निवडायला बसवले. मी निवडत बसले आणि मला मनात फार शांत वाटले. देवीने ज्या तोंडाने मला हाक मारली त्या तोंडाला त्याची आठवणही नव्हती. मातामायचे कौतुक करावे तितके थोडे. मी टाकावर पाकळ्या चिकटवून तिचे बोलणे मागत होते, आणि ती भर रस्त्यात, मला समजेल अशा भाषेत, ओरडून बोलली.

ऐंशीच्या दशकात आत्याबाई आजारी पडल्या, पोटाने. या वेळी आम्ही दोघेही डॉक्टरांसमोर बसलो. निकाल नॉर्मल नव्हता. नातेवाईक जमले आणि सगळ्यांचे एकमत झाले की म्हातारीला काही सांगायचे नाही, अल्सर आहे म्हणून सांगायचे. ह्यांनी माझ्याकडे पाहिले. मी देव्हाऱ्यात दिवा लावला, काय बोलायचे ते मला सुचेना, म्हणून मातामायला म्हटले, आता माझे तोंड तू घे. आणि आत्याबाईंच्या खाटेवर जाऊन बसले आणि त्यांचा हात हातात घेऊन सगळे सांगितले. किती दिवस, त्यांनी विचारले. मी म्हटले, आत्याबाई, माहीत नाही.

मग त्या म्हणाल्या, "माह्या भावाले बोलाव."

त्या भावाशी शेताच्या बांधाच्या भांडणावरून त्यांचे बोलणे तुटले होते, माझ्या लग्नाच्याही आधीपासून. त्याचे नाव घरात कुणी काढत नसे. ते आले, पांढऱ्या मिशांचे, काठी टेकत, पिशवीत आपल्या बांधीतल्या लाखोरीच्या ओल्या शेंगा घेऊन. पहिल्या दिवशी दोघे एकमेकांकडे पाहून नुसते रडले. त्यानंतर ते परत गेलेच नाहीत, शेवटपर्यंत राहिले. अंगणात उन्हाला खाट टाकलेली असे, भाऊ शेंगा सोलून एकेक दाणा बहिणीच्या तळहातावर ठेवी, आणि आत्याबाई भावाला बोलत असत, लहानपणी त्याने केलेल्या एकूणएक खोड्यांवरून.

माझे दुखणे अजूनही अधूनमधून येते. कारण आजतागायत कुणाला सापडले नाही, आणि मी दाखवायला जायचे सोडलेले नाही. आले की मी मातामायचे नाव घेते आणि हातातले काम पुढे चालू ठेवते. तिने माझ्यापासून काही राखून ठेवले असेल तर ते तिच्याकडे सुखाने असू दे. जाण्याच्या आदल्या दिवशी आत्याबाईंनी मला जवळ बसवून घेतले, भाऊ उशाशी डुलकी घेत होता त्याच्याकडे बोट केले, आणि म्हणाल्या, "तू सांगतलं नसतं, तं मी याच्यावर रुसूनच गेली असती वो."